माझ्या जागी आलेला

"उंची किती गं तुझी?"

ओळख ना पाळख, आणि भररस्त्यात हा प्रश्न! मी थांबले. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. पण संध्याकाळचं ऊन तिरपं झालं होतं, पाण्याच्या टाकीची लांबलचक सावली मैदानभर पसरली होती, आणि त्या सावलीच्या टोकाशी एक उंच, सडपातळ माणूस टेप घेऊन उकिडवा बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गुडघ्यांना माती. पाठीवरच्या पिशवीतून एक लाकडी पट्टी डोकावत होती. आणि चेहरा असा साळसूद, जणू त्यानं मला फक्त वेळ विचारली होती.

"तुमच्यापेक्षा कमी," मी म्हटलं. "पण अक्कल जास्त असावी."

"अगं बाई!" तो म्हणाला.

मी पाहतच राहिले. तिशी गाठलेला पुरुष, आणि "अगं बाई"?

"चिडू नकोस ना. टाकीची उंची काढतोय. तुझी उंची कळली, तुझी सावली मोजली, की त्याच हिशेबानं सावलीवरून टाकी काढता येते. दोनच मिनिटं उभी राहा… जेवलीस का?"

"काय?"

"उन्हात उभं करतोय, म्हणून विचारलं."

हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना शिकवते. विज्ञान केंद्रात भौतिकशास्त्र शिकवणं हेच माझं काम. तेव्हा या गृहस्थाला दोन गोष्टी सुनावून मी सरळ घर गाठू शकले असते. पण मी रस्ता सोडला. सावलीच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

"घे. पण ताठ उभं राहून घे."

त्यानं माझी सावली मोजली. डोक्यापासून टाचेपर्यंत, जमिनीवर गुडघे टेकून, अगदी हळू. मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी टाकीकडे बघत होते. त्याच्या मानेवर घामाचा एक थेंब होता, हे मला टाकीकडे बघता बघताच दिसलं.

"एकशे पंचावन्न," मी म्हटलं.

"काय?"

"माझी उंची. सेंटिमीटर. आणि अनोळखी बाईला 'अगं-तुगं' करत नाहीत."

"बरं," तो म्हणाला आणि हसला. "पुन्हा भेटलीस की नाही करणार."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. मोठे सज्जन गृहस्थ, फक्त कुठलीही गोष्ट मुद्द्यावर यायला त्यांना अर्धा चहा लागतो.

"तर," अर्धा चहा संपल्यावर ते म्हणाले, "तुमच्या जागी यायचे ते आलेत."

आधी 'तुमच्या जागी'चा खुलासा करते. पाच-सहा देशांतल्या संस्थांनी मिळून एक करार केला होता. मूलभूत विज्ञान आणि विज्ञानशिक्षण बळकट करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य, असं त्याचं भलंमोठं नाव. केंद्रात सगळे नुसतं 'सहकार्य' म्हणायचे. नवा सूक्ष्मदर्शक सहकार्यातून आला, सहकार्याच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या पुसा, वगैरे. त्याच्यात एक कडक अट होती : माणसाच्या बदली माणूस. इथला एक जण तिकडे दोन वर्षं संशोधनाला जाणार, तिकडचा एक जण त्याच्या जागी इथे शिकवणार. दोन्हीकडची खुर्ची एक दिवसही रिकामी राहता कामा नये. आणि अदलाबदलीच्या आधी सहा आठवडे दोघांनी एकत्र बसून कामाची देवाणघेवाण करायची.

इथून जाणारी मी होते. सात वर्षं अर्ज करत होते तेव्हा कुठे नंबर लागला होता.

दार उघडलं. उंच, सडपातळ. बाह्या दुमडलेल्या.

"सर, तू बस ना, उठतोस कशाला?" तो म्हणाला आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली. "अगं बाई! हिच्यामुळेच माझी टाकी मीटरभर बुटकी निघाली!"

सरांच्या हातातला उरलेला चहा बशीत आला.

"टाकीच्या फाटकावर उंची रंगवलेली आहे," तो मला म्हणाला. "तीस मीटर. माझं उत्तर आलं एकोणतीस. तू पायात काय घातलं होतंस?"

मी खाली पाहिलं. कालच्याच सँडल होत्या. चांगल्या उंच टाचांच्या.

उंची मी अनवाणी सांगितली होती आणि सावली टाचांसकट दिली होती! भौतिकशास्त्राची बाई मी. पहिल्या वर्षाच्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका.

"मोजणाऱ्यानं विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"खरंय," तो म्हणाला. "बायकांना टाचांबद्दल विचारू नये, असं आईनं सांगितलंय."

*

त्याच्या भाषेचं कोडं तीन-चार दिवसांत सुटलं. वडील तिकडचे, आई इकडची. आमची भाषा त्या घरात आई एकटीच बोलायची, आणि तीही फक्त त्याच्याशी. त्यामुळे त्याची सगळी भाषा आईची होती. दचकला की "अगं बाई", कुणी दमलेलं दिसलं की "जेवलास का?", आणि झाडून सगळ्यांना 'तू', कारण त्याला आयुष्यात कुणी 'तुम्ही' म्हटलंच नव्हतं. शिपाईमामांपासून सरांपर्यंत सगळे त्याचे 'तू'. पोरांनी आठवड्याच्या आत त्याचं नाव 'अगंबाई सर' ठेवलं आणि त्याच्या तासाला मागचे बाक भरायला लागले.

मला याचा राग यायला हवा होता. माझ्याच वर्गात येऊन माझीच पोरं पळवायची! कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी घरी म्हटलंही. घरी बाबा आणि आत्या. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता निवृत्त होऊन पेपर मोजतात. आत्या बाबांची थोरली बहीण. मी आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून हे घर आत्याच चालवते आणि आम्हां दोघांनाही चालवते.

"दिसायला कसा आहे?" आत्यानं विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"म्हणजे बरा आहे," आत्या बाबांना म्हणाली.

देवाणघेवाण म्हणजे काय, तर मी माझं एकेक कपाट उघडायचं आणि त्याला दाखवायचं. हे भिंग तडकलेलं आहे पण चालतं. हा तराजू खोटं बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. खिडकीजवळची मुलगी प्रश्न विचारत नाही, तिला आपणहून विचारायचं. तो टिपून घ्यायचा नाही, नुसता ऐकायचा. ऐकताना मान किंचित तिरकी करायचा. पुढेपुढे मी एक गोष्ट दोनदा सांगायला लागले, हे माझ्याही ध्यानात आलं. त्यानं कधी टोकलं नाही.

शेवटचं कपाट उघडायला मी टाळाटाळ करत होते. त्यात माझं स्वतःचं सामान होतं. एक जाड धातूची तबकडी, एक शेगडी, एक ड्रॉपर.

"हे काय?"

"काही नाही. माझा नाद आहे."

"दाखव ना…"

मी तबकडी तापवली. एक थेंब सोडला, चर्रर्र झालं आणि थेंब नाहीसा झाला. आणखी तापवली. पुन्हा थेंब सोडला. या वेळी तो उडाला नाही. गोल झाला आणि तबकडीवर इकडून तिकडे घरंगळत नाचायला लागला. किती तरी वेळ!

"जास्त तापल्यावर जास्त टिकतो," मी म्हटलं. "स्वतःच्याच वाफेच्या गादीवर बसतो. तवा तापवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पण दोन थेंब जवळ आले की कधी एक होतात आणि कधी एकमेकांना ढकलतात… ते का, हे मला शोधायचंय. तिकडे जाऊन हेच करणार आहे मी."

मी थांबले. आता पुढचा प्रश्न यायचा होता. सात वर्षं तोच प्रश्न ऐकत आले होते. बाबांनी विचारला होता, सरांनी विचारला होता, मला बघायला आलेल्या दोन स्थळांनीही विचारला होता : याचा उपयोग काय? आत्यानं तर "थेंब नाचतो, बरं, मग त्याला काय टाळ्या वाजवायच्या?" असंच विचारलं होतं.

तो तबकडीवर वाकून बघत होता. थेंब संपेपर्यंत बोलला नाही.

"पुढे काय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"दोन थेंबांचं. पुढे काय होतं? एक गरम आणि एक गार असला तर?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या मधे तापलेली तबकडी होती आणि त्याचे डोळे खरोखर उत्तराची वाट बघत होते. मला तो आवडला. त्याच क्षणी, तिथेच. उगाच गोल गोल बोलत नाही.

"ते… ते मीही करून पाहिलं नाही," मी म्हटलं.

"मग कर ना, वेडे. थांबलीस कशाला?"

*

आता गंमत बघा. जगात प्रेमात पडायला इतकी माणसं असताना मी नेमकी अशा माणसाच्या प्रेमात पडले, जो माझ्या जागी आला होता. मी गेले की तो इथे. आणि मी राहिले, तर अदलाबदलच रद्द, म्हणजे तो तिकडे. इकडे आड, तिकडे विहीर. दोघं एका गावात असायची सोय त्या करारात फक्त या सहा आठवड्यांपुरती होती, आणि त्यातले चार सरले होते.

त्यालाही ते कळलं होतं. कारण तो मला 'तुम्ही' म्हणायला लागला होता.

"तुम्ही दमलात," असं एका संध्याकाळी केंद्राच्या पायऱ्यांवर तो म्हणाला.

"हे काय नवीन?"

"अनोळखी बाईला अगं-तुगं करत नाहीत."

"मी अनोळखी आहे?"

"व्हायला हवं," तो खाली बघत म्हणाला. "दोन आठवड्यांनी त्रास कमी होईल…"

मी त्याच्या शेजारी बसले. मग मनात नव्हतं ते बोलून गेले. किंवा मनात होतं तेच.

"मी नाही जात. सरांना सांगते उद्या. माझ्याऐवजी रसायनच्या बाईंना पाठवा, म्हणजे अदलाबदल मोडणार नाही. थेंब काय, इथेही नाचतो."

मला वाटलं, त्याला आनंद होईल. तो ताडकन उठला.

"खबरदार!" तो म्हणाला. "तू राहिलीस तर मी उद्याच्या उद्या जाईन. आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"तुमच्यासाठी राहते असं कुणी सांगितलं?"

"मग कुणासाठी?"

तो खालच्या पायरीवर बसला. आवाज उतरला होता.

"माझी आई इथेच विज्ञान शिकवायची. याच गावात, एका शाळेत. मोठ्या प्रयोगशाळेत काम करायची संधी चालून आली होती तिला. त्याच सुमारास बाबा भेटले. ती म्हणाली, प्रयोगशाळा काय, तिकडेही असतील. तिकडे होत्याच गं. पण तिच्यासाठी कुठली उघडली नाही. भाषा येत नव्हती, मग मी झालो, मग राहूनच गेलं. सावलीवरून उंची काढायला मला तिनं शिकवलंय, घराच्या अंगणात. मला आई आवडते. पण दुसरी आई करायला मी इथे आलेलो नाही."

मी सँडलचा पट्टा नीट करत बसले. बोलले असते तर रडले असते, आणि पायऱ्यांवर बसून रडणं माझ्या स्वभावात नाही.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मीही नाही."

मग मी त्याला घरी घेऊन गेले. दुसरं काय करणार?

*

आत्यानं दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्यानं "आत्या, तू बस, मी पानं घेतो" म्हणताच ती खल्लास झाली. आपलं जेवण आटोपून पेपर उघडेपर्यंत बाबा त्याला जमीन कशी मोजतात ते समजावत होते आणि तो मान तिरकी करून ऐकत होता.

"इथे राहतोस कुठे?" आत्यानं विचारलं.

"केंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत. नळ गळतो तिथला."

"मग ही गेल्यावर हिची खोली रिकामीच पडणार आहे. इथेच ये राहायला. आणि तिकडे हिची सोय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी ताटाकडे.

"आई एकटीच असते हल्ली," तो सावकाश म्हणाला. "बाबा गेल्यापासून. घर मोठं आहे. संस्थेपासून जवळ."

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "माणसाच्या बदली माणूस. तुमच्या त्या सहकार्यात बसतं ना?"

बाबांनी पेपर खाली घेतला. "म्हणजे ही लग्नाआधीच सासरी नांदणार आणि हा लग्नाआधीच घरजावई?"

"बाबा!"

"मी आपलं मोजून सांगितलं," बाबा म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला.

कुणी कुणाला मागणी घातली नव्हती. कुणी हो म्हटलं नव्हतं. पण आत्यानं त्याला तिसऱ्यांदा वाढलं, आणि आमच्या घरात तिसऱ्यांदा फक्त घरच्या माणसाला वाढतात.

*

निघायच्या दिवशी सकाळी तो मला टाकीपाशी घेऊन गेला. ऊन कोवळं होतं. सावली पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पडली होती.

"सँडल काढ," तो म्हणाला.

मी काढल्या. गवत ओलं आणि गार होतं. त्यानं पुन्हा गुडघे टेकून माझी सावली मोजली, मग टाकीची, मग तळहातावर पेनानं हिशेब केला.

"तीस," तो म्हणाला. "आता बरोबर."

"एक विचारू?"

"विचार ना."

"पहिल्या दिवशी तुझ्या पिशवीत पट्टी होती. मीटरभराची, लाकडी. ती उभी करून तिची सावली मोजायची, झालं काम. जिवंत बाई कशाला हवी? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

तो लाजला. खरंच लाजला, कानापर्यंत.

"पट्टीनं मोजून झालं होतं," तो म्हणाला. "बरोबर तीस आलं होतं. तेवढ्यात तू रस्त्यानं येताना दिसलीस… पट्टीला उंची विचारून काय मिळणार होतं?"

"म्हणजे टाचांचं तुला तेव्हाच कळलं होतं?"

"टाचांचं दुसऱ्या दिवशी कळलं. पण तुला पट्टी दिसली होती, हे आत्ता कळतंय. मग तू उभी का राहिलीस?"

मी टाकीकडे बघत होते. या वेळी खरोखरच टाकीकडे, कारण त्याच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

"कारण मला उभं राहायचं होतं," मी म्हटलं. "आणि मला तू आवडतोस. आणि मला जायचंही आहे. दोन्ही एकदम. आता याचं काय करायचं ते तू सांग."

"करायचं काय? जा. दोन वर्षांनी परत अदलाबदल होईल, तेव्हा पुन्हा सहा आठवडे आपण एकाच गावात. लग्नाला तेवढे पुरतात."

"आणि त्याच्या पुढे काय?"

"ते मीही करून पाहिलं नाही," तो म्हणाला आणि माझ्या सँडल हातात घेऊन माझ्या बाजूनं चालायला लागला. फाटकाशी त्यानं सँडल खाली ठेवल्या आणि माझा हात धरला. सोडायची घाई त्यालाही नव्हती आणि मलाही नव्हती.

*

निरोप घेताना मी रडले नाही. आत्या रडली, बाबांचा चष्मा धुरकट झाला, केंद्रातली पोरंसुद्धा हुंदके देत होती. मी सगळ्यांना समजावलं, खिडकीजवळच्या मुलीला "प्रश्न विचारत जा" म्हटलं, आणि कोरड्या डोळ्यांनी विमानात बसले. मी अशीच आहे, माझं मीच समजून घेतलं होतं.

तिकडे पोचले तेव्हा सगळ्या पाट्या परक्या भाषेत, सगळे आवाज परके. बॅग ओढत मी बाहेर आले. दाराशी माणसांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत टाचा उंचावून कुणाला तरी शोधणारी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई होती. तिनं मला पाहिलं आणि मान किंचित तिरकी केली.

"अगं बाई! आलीस!" ती म्हणाली. "जेवलीस का?"

तोच आवाज, तोच हेल. मग मात्र मला आवरलं नाही. तिथेच, त्या परक्या गर्दीत, तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी ढसाढसा रडले. तो नाही म्हणून रडले, ती आहे म्हणून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रड, रड. मीही याच दारात रडले होते," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळूच, जणू खूप वर्षं कुणाला विचारायचं राहून गेलं होतं अशा आवाजात तिनं विचारलं, "आणि ते तुझे दोन थेंब गं… एक गरम आणि एक गार. पुढे काय?"

मी डोळे पुसले, बॅग उचलली आणि काय काय करून बघायचंय ते तिला सांगायला लागले.